सर्वजितला वाचक हवा

३ फेब्रुवारी १९७१, संगमनेर
कथा विजयाला वाचायला दिली. तासाभरात परत. म्हणाली, छान आहे. अकरावं पान मी मुद्दाम काढून ठेवलं होतं. खून त्याच पानावर होतो! तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बायकोचं मत धरायचं नाही.

७ फेब्रुवारी
जाहिरात पुन्हा वाचली. गुप्तहेर सर्वजितचे लेखक थकले. पुण्याचे प्रकाशक वाचकांकडून नवी सर्वजित-कथा मागवताहेत. एकच छापणार. ३१ मार्चपर्यंत टपालात पडायला हवी.
मी कॉलेजात मराठी शिकवतो, नवकथेवर व्याख्यानं देतो — आणि चोरून सर्वजित लिहितो. पण कुणीतरी खरं सांगितल्याशिवाय पाठवणार नाही.

१२ फेब्रुवारी
विभागप्रमुख शामकांतरावांना परवा वही दिली होती. एका विद्यार्थ्याची, म्हणून. आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "याला बी.ए.ला मराठी घेऊ देऊ नका. कॉमर्सला पाठवा." सगळे हसले. मीही हसलो.

१३ फेब्रुवारी
शामकांतरावांनी बाजूला घेऊन विचारलं, त्या विद्यार्थ्याची दुसरी वही आहे का.

२१ फेब्रुवारी
काकासाहेबांच्या वाचनालयात लोक रहस्यकथांच्या समासात पेन्सिलीनं लिहितात. 'खुनी मामा आहे.' 'चाळीस ते साठ पानं सोडा.' इतकी निर्भीड समीक्षा विद्यापीठात होत नाही. काकासाहेबांना वही दिली. लेखक नगरचा आहे, नाव नको म्हणतो, असं सांगितलं. त्यांनी खाकी पुठ्ठा चढवला, शिक्का मारला, रहस्यकथांत लावली.

२ मार्च
कुणी नेली नाही.

९ मार्च
नेली! परतही आली. समास भरलेत, सगळीकडे एकच अक्षर. 'खून होतोय आन मानूस चांदनं बघतोय. कशापायी?' 'मेलेला असा पडत न्हाई. म्या पाहिलंय.' 'हे पान सर्वजितचं न्हाई, मास्तराचं हाय.'
ते पान फाडलं. चांदणंही काढलं.

१५ मार्च
काकासाहेबांनी नाव सांगितलं — झुंबरबाई, नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या दाई. सातवी पास. गेलो. लेखकाचा मित्र म्हणून.
"तुमीच लिवलंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वही कुनी अशी छातीशी धरून आनत न्हाई."
बाकावर बसवून तासभर एकेक पान घेतलं. मधे एकदा उठून बाळंतपण करून आल्या, पुन्हा त्याच ओळीवर बोट. एम.ए.लाही मला असं कुणी वाचलं नव्हतं.

२६ मार्च
कथा झाली. लांबी निम्मी. दाखवायला गेलो. बरी म्हणाल्या. मग पिशवीतून स्वतःची वही काढली. त्याही सर्वजित लिहीत होत्या!
"तुमी शिकल्याले. खरं सांगा. तुमी बरी म्हनला तरच पुन्याला धाडीन."

२७ मार्च
वाचली. चुका काढायला पेन्सिल घेऊन बसलो होतो. तिसऱ्या पानानंतर पेन्सिल कुठे ठेवली ते आठवत नाही. पुन्हा वाचली.

२८ मार्च
माझी पुन्हा वाचली.

३० मार्च
झुंबरबाईंना सांगितलं, कच्ची आहे, वर्षभर तशीच राहू द्या. त्यांनी वही पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं सर, खरं सांगितलंत."
येताना माझं पाकीट पोस्टात टाकलं.