काचेतली बाग

९ जुलै
आली एकदाची! जावयांनी, म्हणजे वीरधवलांनी, काचेची टाकी पुढच्या सोप्यात बसवली. आत रेती, लाकडाचा ओंडका, चार जातींच्या पाणवनस्पती आणि बारा गप्पी मासे. गेल्या महिन्यात ह्यांना अटॅक येऊन गेला. डॉक्टरांनी बजावलंय — अजून तीन महिने द्राक्षबागेत पाऊल टाकायचं नाही, दुसरा झटका झेपणार नाही. पण हा माणूस घरी बसणार? तीस वर्षांत मी ह्यांना दिवसाउजेडी घरात बघितलं ते फक्त लग्नकार्याला. शिवांजली म्हणते, आई, मासे बघून बीपी उतरतं. बघू कुणाचं उतरतंय!

१२ जुलै
आज तीनदा चप्पल लपवली.

२० जुलै
टाकीतली झाडं पिवळी पडली. ह्यांनी काय करावं? बागेला सोडतात ते एकोणीस-एकोणीस खत मूठभर आत सोडलं! वर मलाच म्हणे, "तुला काय कळतंय त्यातलं."

२४ जुलै
पाणी हिरवंगार. काचेतनं काही दिसत नाही. पाच मासे गेले. जावयांनी फोनवर हसू दाबत सांगितलं, माशांची घाण हेच खत, मामा, वरनं काही घालू नका. निम्मं तासगाव ह्यांना विचारून फवारणी करतं, आणि बोटाएवढ्या माशांनी इभ्रत घालवली. दिवसभर टाकीकडं पाठ करून बसले होते. मला वाईट वाटलं. थोडंसंच.

१८ ऑगस्ट
पाणी निवळलं. आता दर रविवारी थोडं पाणी बदलायचं, जुन्या ब्रशनं काच घासायची, कात्रीनं पानं छाटायची. ह्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही!
आज मासोळी व्याली. मला भाकरीवरनं उठवलं — "आगं, लवकर ये, पिल्लं बघ!" माझ्या दोन बाळंतपणांत ह्यांना बागेतनं बोलवायला माणूस पाठवावा लागला होता. भाकरी करपली. पण पिल्लं इतकी बारीक, नुसते डोळेच. आम्ही तासभर शेजारी बसलो. असं कधी बसलो होतो, आठवेना. लय बरं वाटलं.

२ ऑक्टोबर
बागेची छाटणी तोंडावर आली. पुतण्या शिवतेज तारीख विचारून गेला. पुढच्या आठवड्यात सांगलीला डॉक्टर. त्यांनी हो म्हटलं की हे गाडी तशीच बागेकडं वळवणार, उन्हातान्हात उभे राहणार. माझं काळीज थाऱ्यावर नाही.

९ ऑक्टोबर
तोंड पाडून आले. "डॉक्टर म्हणत्यात, अजून तीन महिने घरातच. काय करणार." मीही तोंड पाडलं. मग आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

२१ ऑक्टोबर
शिवतेजनं छाटणी उरकली. ह्यांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले. बिचाऱ्यांचा जीव किती तुटत असेल! पुरणपोळी केली. चार खाल्ल्या.

६ नोव्हेंबर
गोळ्यांची चिठ्ठी शोधताना फाईल उघडली. गेल्या महिन्यातला, नऊ तारखेचा डॉक्टरांचा कागद. इंग्रजीत आहे, पण तेवढं मला वाचता येतं — तब्येत उत्तम, नेहमीचं काम सुरू करायला हरकत नाही.
फाईल होती तशी ठेवली. दोन कप चहा केला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.