लग्न पुकारलं तेव्हा

शलोमी पोरी, सलाम.

पत्रात इचारलंस, जेवता का म्हणून. व्हय, जेवते मी. तुझ्या करपलेल्या भाकरीतून सुटले, म्हणून चार घास जास्तच खाते. तुझ्या जालन्याच्या मास्तराचे दात शाबूत हायेत ना अजून?

इथं छावणीच्या चर्चमधी माझं लई कौतुक चाललंय. माझा लेक दानियल गेला अन् म्या सासूनं पोटच्या पोरीवानी सून पुन्यांदा उजवली, म्हणून पाळकसाहेब भर सभेत म्हणले, "सारजाबाई विश्वासात परिपक्व झाल्या." म्या म्हणलं, "साहेब, मी काय दौलताबादचं सीताफळ हाये व्हय, पिकायला?" समदे हसले. मीबी हसले. घरी आले तर हसायला कुणी नव्हतं.

मास्तराचं स्थळ म्याच पाह्यलं. तुझं वय कोवळं. तुला माझ्या दुःखापाशी बांधून ठेवणं बरं नाय, हे मला प्रार्थनेतच कळलं व्हतं. कळलं तसं केलं. पर कळणं येगळं अन् काळीज येगळं गं.

हे पत्र मी टपालात टाकायची नाय, म्हणून खरं ते लिहिते. लग्नाआधी तीन रविवार पाळकांनी तुमची नावं पुकारली. कुणाची हरकत असंल तर सांगा म्हणले. समद्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घालून प्रार्थना करत बसले. तुला वाटलं, आई आशीर्वाद मागतीया.

आशीर्वाद नव्हते मागत. तिन्ही रविवार एकच मागत व्हते, "देवा, हे लग्न मोडू दे."

तुझी,
सारजाबाई, पडेगाव