पाठीमागे कोण आहे

४ मार्च, बुधवार

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे, खोली बरी आहे, नळ अजून गळतोच आहे.

आधी तुझ्या सूचनांचं. कानात गाणी लावून चालू नकोस, किल्ली हातात धर, जिन्यात थांबून मागे बघ. अगं, रोज सकाळी फोन उघडला की हेच! मी काय पाळण्यात आहे? दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, माझे स्वतःचे डोळे काय मिटलेले असतात?

उघडे होते, म्हणूनच दिसलं. परवा दुकानाच्या काचेतून समोरच्या फुटपाथवर एक टोपीवाला दिसला. बस येत होत्या, जात होत्या, हा एकीतही चढेना. काल पुन्हा तोच. संध्याकाळी चांगला उजेड असताना मी निघाले, तर हा मागे. मी रस्ता ओलांडला, त्यानेही ओलांडला. मग मी खोलीकडे वळलेच नाही. सरळ कोपऱ्यावरच्या लाँड्रीत शिरले आणि तिथल्या काकूंना म्हटलं, "माझ्या मागे कुणीतरी आहे." काकू हातात गरम इस्त्री घेऊन तशाच दारात!

"कोण हवंय?"

"मी घरचाच माणूस आहे," म्हणत त्याने टोपी काढली.

ताई, भाऊजी होते. बघ, अजून तोंडात 'भाऊजी'च येतं, स्वतःचाच संताप होतो.

"ती कुठे आहे एवढं सांग, मी जातो," म्हणाले. आवाज अगदी मऊ. "नाही सांगणार," एवढंच मी म्हणू शकले. काकूंनी पोलिसांना फोन लावला, तेव्हा गेले. पोलीस ठाण्यात आम्हाला ऐकवलं, "घरगुती मामला दिसतोय, मिटवून टाका." काकू खुर्चीवरून हलल्याच नाहीत, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली. खोली बरी आहे असं वर लिहिलंय, पण कालपासून मी तिथे गेलेली नाही. काकूंकडे आहे.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. दुकानाचा पत्ता त्यांना आईने दिला.

आज फोनवर विचारलं तर म्हणते, "जावई रडत होते गं. दोघांचं पुन्हा जुळावं म्हणून दिला." मी फोन आपटला. तुझं सुजलेलं तोंड तिनेही पाहिलं होतं ना? तरी! आपण मेलं रस्त्यावरच्या परक्यांकडे बघत बसतो आणि आईपुढे सगळं भडाभडा बोलतो.

रविवारी तिच्याशी बोलशील. तब्येत विचार, हवं तर भांड. पण कुठे राहतेस ते सांगू नकोस. ती विचारेल, रडेल, शपथा घालेल, तरी नाही. ती वाईट नाही गं, पण तिला राहवणार नाही.

उत्तर दुकानावर पाठवू नकोस. काकूंच्या घरचा पत्ता मागे लिहिलाय.

तुझ्यावर, आईवर, सगळ्यांवर चिडलेली, आणि तू सुखरूप आहेस एवढ्यावरच उभी असलेली,

धाकटी