मी चारी सळ्या सारख्या केल्या

प्रिय अप्पा,

उद्या सकाळी रशीद मिस्त्री ब्रेक बदलण्यासाठी आपली जुनी मोटार न्यायला येणार आहेत. त्यांना हो म्हणायचं की नाही, हे आज ठरवायचंय. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, तरी असलं काही विचारायला मला दुसरं कुणी सुचत नाही. म्हणून लिहितोय.

आधी कबुली देतो. तुमचे ब्रेक मी बिघडवले.

आजोबांची ही मोटार तुम्ही शेवटपर्यंत सळ्यांच्या ब्रेकवर चालवलीत. पेडलपासून चार चाकांना चार लोखंडी सळ्या, बस्स. तेलाचे ब्रेक बसवा, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. तुमचं उत्तर ठरलेलं : "तेलाची नळी फुटली की चारी चाकं एकदम गेली. सळी तुटली तर एकच जातं. उरलेली तीन घरी आणतात की!"

पण दर दोन-तीन महिन्यांनी गाडी ठोकळ्यांवर चढवून त्या सळ्या जुळवाव्या लागायच्या आणि त्याला दोन माणसं लागायची. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेक चाक हाताने फिरवून बघायचं. किती वेळा फोन केलात मला! "शिवा, रविवारी येतोस? तासाभराचं काम हाय."

"पुरवणी छपाईला जायचीय, अप्पा. पुढच्या रविवारी नक्की."

एकदाही चिडला नाहीत. चिडायला हवं होतंत!

तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा त्या गाडीखाली शिरलो. प्रत्येक सळीचा नट वेगळ्याच ठिकाणी. एक पार आत, एक बाहेर. मला वाटलं, हात थकले असतील, काम अर्धवट राहिलं असेल. तीस वर्षं पेपरात बसून लोकांच्या वाकड्या ओळी सरळ करतोय मी, राहवलं नाही. मोजायची टेप लावली. पुढच्या दोन्ही सारख्या केल्या, मागच्या दोन्ही सारख्या केल्या. केवढा अभिमान वाटला स्वतःचा!

दुसऱ्या दिवशी अव्वाला घेऊन मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. पुढे शेळ्या आल्या. ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे ओढली गेली, समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर. ड्रायव्हरने एसटी मातीत उतरवली म्हणून वाचलो.

अव्वाने आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "सळ्यांना हात लावलास व्हय रे?"

"सगळ्या सारख्या केल्या गं."

"चारी चाकं सारखी झिजतात कुटं? ज्याचं त्याला बघून ठेवलं होतं त्यांनी."

"तुला काय माहीत?"

"मग पेडल कोण दाबत होतं? तू?"

पंचाहत्तरीची माझी आई, गुडघे धरलेले, पाठीला उशी लावून पेडल दाबत होती! कुठलं चाक किती आवळलं होतं, आठवतंय का, असं मी विचारलं. "दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. खाली काय करत होते, ते मला वरून कसं दिसावं?"

तुम्हाला माती दिली तेव्हा मी रडलो नव्हतो, अप्पा. तेव्हा रडलो. तुमच्या हाताचं शेवटचं काम त्या चार नटांवर होतं आणि मी ते अर्ध्या तासात पुसून टाकलं. एका रविवारी तरी तुमच्या शेजारी खाली झोपलो असतो तर? आणि तुम्ही तरी कधी म्हणायचं होतंत ना, की पेडल दाबायला नाही, शिकायला ये!

मिस्त्री म्हणतात, "साहेब, तेलाचे बसवू. चारी चाकांना दाब आपोआप सारखा. झोपायचं नको, जुळवायचं नको." त्यांचं बरोबर आहे. वादाला जागाच नाही. पण आपोआप झालं, तर तुमचं काय काय मला कळलं नाही, हेही मला कधी कळणार नाही.

उद्या मी नाही म्हणणार आहे. मिस्त्रींना जुनं काम येतं. मला शिकवाल का, विचारेन. ती तुमची जुळवणी नसेल. ती आता कुणालाच सापडणार नाही. पण चाक कुठे अडतं आणि कुठे सुटतं, हे आधी माझ्या हाताला कळू दे. तोवर अव्वाला या गाडीत बसवणार नाही. शब्द देतो.

तुमचा, उशिरा आलेला,
शिवा