सावंतकाकांचं लॉगिन

सोमवार, मुलुंड

डिस्पॅचचे सावंतकाका शुक्रवारी रिटायर झाले. ऑफिसचे कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून सकाळी नियमाप्रमाणे त्यांचं लॉगिन बंद केलं. दहा मिनिटांत डिस्पॅचवाल्यांची वाट लागली. एक चलान निघेना, गाड्या गेटवर उभ्या. सर्व्हरवर बघते तर काय, सगळे काकांच्याच नावाने आत शिरत होते! खाली डिस्पॅचमध्ये गेले, तर कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर माझं.

हो, माझंच. प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यायचा तेव्हा कंटाळा केला. काकांचा पासवर्ड मीच लावून दिलेला, तो त्यांना न विचारता लिहून दिला, "तात्पुरतं हे वापरा." त्याला दोन वर्षं झाली.

दुपारपर्यंत सगळ्यांना स्वतंत्र लॉगिन दिली, गाड्या सुटल्या. मग साहेबांनी विचारलं, "पासवर्ड वाटला कोणी?" तोंडातून निघून गेलं, "सावंतांनी असेल." असेल म्हणे! काढून घेतलेली चिठ्ठी तेव्हा माझ्या पर्समध्ये होती.

आत्ता काकांचा फोन येऊन गेला. साहेबांनी त्यांना घरी फोन करून झापलं. "अगो, मी कोणाक पासवर्ड सांगूक नाय गो. तू सांग साहेबांका. तुझा ते ऐकतले."

"बघते काका," म्हणाले मी.

बघते! काय बघणार? चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. फाडवत नाहीये.