केसभर फट

३ मार्च, सोमवार

लिहा म्हणे! एवढं शिकून शेवटी गृहपाठच देतात. समुपदेशक बाईंनी सांगितलं — पानाच्या डावीकडे काळजी लिहायची, उजवीकडे तिच्यासाठी उद्या खरोखर करता येईल असं एकच काम. मोठ्या प्रतिज्ञा नकोत. झेपेल तेवढंच.

डावीकडे: हात थरथरतात.
उजवीकडे: उद्या दोनच कप चहा.

बघू.

४ मार्च

चहा दोनच घेतला. हात थरथरलेच. कारण चहा नाहीच मुळी — कारण ती बत्तिशी!

मनातलं सगळं ओका म्हणाल्या ना, मग घ्या. अकरा वर्षं मी लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवते. डॉक्टर तोंडातलं माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लॅस्टरचा दात ओततो आणि त्यावर टोपीसारखी बसेल अशी कॅप घडवतो. बत्तिशी म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याची डॉक्टरीण. हसली की बत्तीसच्या बत्तीस दिसतात, म्हणून मीच ठेवलेलं नाव. गेल्या महिन्यात तिने घाईघाईत वाकडं माप घेतलं. कॅप बसेना. तर मला नि मालकांना दवाखान्यात बोलावून, पेशंटसमोर, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लॅबवालीचा हात थरथरतो हल्ली."

तेव्हा थरथरत नव्हता. तेव्हापासून थरथरतो! मालकांनी पुढच्या दातांचं काम काढून घेतलं, आता मला फक्त दाढा. परवा म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही पॅकिंगला बसा. अकरा वर्षं — आणि पॅकिंग.

६ मार्च

डावीकडे: बत्तिशी मजेत आहे.
उजवीकडे: काही सुचत नाही.

७ मार्च

आईशी वाजलं. म्हणते, सोडून दे, डूख धरून कुणाचं भलं झालंय? तिला काय जातंय बोलायला! उभ्या आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तर जो तो तिच्या डोक्यावर मिरे वाटून गेला. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. ती ताट अर्धं टाकून उठली. मला वाईट वाटलं, पण तसं म्हणाले नाही.

१० मार्च

सापडली!! आज ट्रेमध्ये एका दाढेचं माप आलं. कार्डावर पेशंटचं नाव — खुद्द बत्तिशीचं! स्वतःची दाढ आहे, म्हणजे माप दुसऱ्या कुणाकडून घेतलं असणार. मालकांनी कार्ड न वाचताच, दाढ आहे म्हणून माझ्याकडे सरकवलं.

प्लॅस्टर ओतून भिंगाखाली धरलं. शेजारचे दात घासून घासून सपाट झालेत. झोपेत करकरा दात खात असणार बाई. खा म्हणावं! लोकांची झोप उडवणाऱ्याला आपली तरी कशी लागेल? फार दिवसांनी मी कामावर गुणगुणले.

११ मार्च

डावीकडे: बत्तिशी मजेत आहे.
उजवीकडे: कॅपची आतली कड केसभर आखूड ठेवणे.

उद्या करता येईल असं, झेपेल असं, एकच काम. समुपदेशक बाई खूश होतील! कॅप उंच ठेवली तर पहिल्या घासाला कळतं आणि घासून देतात. तो बावळटपणा मी करणार नाही. कड मात्र आतल्या अंगाला, हिरडीखाली असते. तिथली फट पटकन कुणाला सापडत नाही. रोज कणकण अन्न झिरपतं. वरून कॅप चकचकीत, आत दाढ कुजते. ठणका लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि गंमत बघा, आज दिवसभरात हात एकदाही थरथरला नाही.

१२ मार्च

धातू ओतला. कड — केसभर. इतकं नाजूक काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

१३ मार्च

वरून सिरॅमिकचे थर दिले. भट्टीतून अशी देखणी निघाली, की मालक हातात घेऊन बघत राहिले. वरवरच बघितलं, नशीब माझं. म्हणाले, हात परत आला तुमचा.

दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. वाटलं, पुन्हा करावी. दोन दिवसांचं काम, कुणाला पत्ताही लागला नसता. मग तिचं ते बोट आठवलं. ज्याच्यावर रोखलं होतं त्याला विचारा! कॅप डबीत घातली, डबी दवाखान्यात गेली. जशास तसं.

१४ मार्च

मेल्यासारखी झोपले.

१९ मार्च

मालकांनी पुढचे दात परत दिले. बत्तिशीचा फोन आला होता म्हणे — "कॅप चपखल बसली, आणि त्या दिवशी चूक माझ्या मापाची होती, त्यांचा हात उत्तम आहे, तसं त्यांना सांगा."

वरातीमागून घोडं! एक महिना मी सकाळी उलट्या करून कामावर गेले, तेव्हा कुठे होता हा फोन? तिची दया बिया काही येत नाही मला. पॅकिंग टळलं, एवढं खरं. डावीकडे लिहायला आज काही नाही, तरी अर्धा तास पेन धरून बसले होते.

२२ मार्च

आई आज पोटभर जेवली. मी सहज म्हटलं, आज काय विशेष? तर हसत तोंड उघडून दाखवलं. उजवी, खालची दाढ.

"दोन महिने दुखत होती. तुझ्या डोक्याला आधीच एवढा ताप, म्हणून बोलले नाही. त्या डॉक्टरीणबाईंकडेच गेले आणि चांगलं सुनावलं त्यांना, माझ्या मुलीचं नाव का खराब केलंत म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा! ऐकून घेतलं बिचारीने. तुला कळू नये म्हणून त्यांनीच कार्डावर स्वतःचं नाव घातलं. तुझ्या हातची कॅप, नीट तपासायचीही गरज नाही म्हणाल्या."

बसवलेली कॅप सहज निघत नाही. कापावी लागते. आणि का कापायची, ते आईला मी सांगायचं आहे.