गोखिवऱ्याचं डिझेल

केलाँग, ११ डिसेंबर

प्रिय लुसी,

देवाच्या दयेने मी धडधाकट आहे. अक्षर हलतंय म्हणून घाबरू नकोस, पिकअप चालू ठेवून आतच बसून लिहितोय. फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र मनालीच्या बसवाल्याकडे देतोय.

हॉटेलच्या खुर्च्या नीट पोचल्या. पण आज सकाळी गाडी सुरूच होईना. स्टार्टर जोरात फिरत होता, पण सायलेन्सरमधून जराही धूर नाही. म्हणजे डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नव्हतं. फिल्टर खोलला तर आत पांढरा गोळा, नाताळात आपलं खोबरेल बाटलीत थिजतं तसा.

परक्या पंपाचा भरवसा नको म्हणून डॅडींनी गोखिवऱ्याहून दोन कॅन भरून दिले होते ना, तेच मी काल टाकीत ओतलं. इथे थंडीचं डिझेल वेगळं असतं, हे आपल्याला कुठे ठाऊक! डॅडींना यातलं काही बोलू नकोस. त्यांचं डिझेल कामी आलं, एवढंच सांग.

ढाबेवाल्याने टाकीखाली निखारे ठेवले, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. उद्या परत निघायचंय, टाकीत अजून तेच डिझेल आहे, आणि वाटेत मैलोन्‌मैल घर नाही.

स्टेफीचा खोकला थांबला का? प्रार्थनेत माझं नाव घ्यायला सांग तिला.

ढाबेवाला आत्ता काचेवर थाप मारून गेला. धूर घरात येतोय, गाडी बंद कर म्हणाला. केली बंद.

अक्षर अजून हलतंच आहे.

तुझा,
डिलन